डॉक्टर सानियाचं गाव

नात झाली त्या दिवशी मोंजियाने परदेशी जायचं मनावर घेतलं. ट्युनिसियातल्या सफाकसच्या दवाखान्यात ती लेकीच्या खाटेशी बसली होती. बाळ दुपट्यात गुंडाळून निजलं होतं, बाळंतीण चहा पीत होती, आणि सगळं इतकं सुरळीत पार पडलं होतं की मोंजियाला करायला काही कामच उरलं नव्हतं.

"उम्मी, माझ्या वेळी कोण होतं गं तुझ्यापाशी?" दोर्राने सहज विचारलं.

"डॉक्टर सानिया."

"ही कोण?"

आपण वादळात जन्मलो, एवढंच दोर्राला ठाऊक होतं. पुढचं मोंजियाने कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही असं काही नव्हतं, पण त्यांच्या कर्कना बेटावर ज्याचा त्याचा जन्म कुठल्या ना कुठल्या वादळातच झालेला असतो. त्यात काय सांगायचं?

आज मात्र तिने सगळं सांगितलं. थंडीचे दिवस, ऑक्टोपसचा हंगाम. वारा असा सुटला की सफाकसची बोट बंद झाली. कळा लागल्या तशी तिच्या नवऱ्याने, ताहरने, शेजाऱ्याच्या मासळीच्या गाडीत घालून तिला अताया गावाहून रमलाच्या दवाखान्यात नेलं. बाळ पायाळू. दवाखान्यात डॉक्टर एकच, तीही बल्गेरियाहून नोकरीवर आलेली तरुण बाई. तिने बाळ सुखरूप काढलं, पण मोंजियाचं रक्त थांबेना. बेटावर चढवायला रक्त नाही, आणायला बोट नाही.

"मग गं?"

"मग तिने बाही वर सारली. स्वतःचं रक्त बाटलीत काढून मला चढवलं. मी डोळे उघडले तेव्हा ही बाई शेजारच्या खुर्चीत, हाताला कापूस दाबलेला, पांढरीफटक, आणि दुसऱ्या हाताने हलवा खातेय. माझ्याकडे बघून हसली. तोंडात हलवा होता म्हणून बोलली नाही."

दोर्राच्या हातातला चहा तसाच राहिला.

"चाळिसावं झाल्यावर तुला घेऊन गेले रमलाला. वाटीभर झरीर केलं होतं तिच्यासाठी, चांगलं तीळ-बदाम घालून, मधातलं. तर ती निघून गेलेली. तिची आई तिकडे आजारी पडली म्हणे. परत येताना तुझा बाप म्हणाला, आता हे घरी काय न्यायचं? मग दोघांनी रस्त्याच्या कडेला बसून खाल्लं. मी रडत होते नि खात होते."

"म्हणजे तिला तू कधी काही बोललीच नाहीस?"

"कधी बोलणार?" मोंजिया म्हणाली. तिने निजलेल्या नातीचा पाय दुपट्यात नीट सरकवला. "जावं म्हणते एकदा. तिच्या गावी."

बाळंतिणीच्या खोलीत माणूस काहीबाही बोलतं, असं म्हणून दोर्राने ते सोडून दिलं. पण बाळाला घेऊन ती माहेरी अतायाला आली, तेव्हा तिसऱ्याच दिवशी सकाळी आईने पीठ मळता मळता विचारलं, "बल्गेरिया म्हणजे नक्की कुठल्या बाजूला गं?"

मोंजियाचा सगळा प्रवास तोवर ट्युनिसपर्यंतचा, तोही एका लग्नापुरता. शाळा पाचवीपर्यंत. नवरा गेल्यापासून ती त्याच्या मासे अडवायच्या कुंपणांचा वाटा सांभाळत होती. उथळ समुद्रात खजुरीच्या झावळ्या रोवून केलेली ती कुंपणं, आणि बेटापलीकडचा समुद्र, हेच तिचं जग. दोर्राने फोनवर नकाशा उघडला. मोंजियाने पिठाच्या बोटाने समुद्र ओलांडला, इटली ओलांडली, आणखी एक समुद्र ओलांडला.

"बोटीने नाही होणार," ती म्हणाली.

"नाही गं उम्मी. विमानाने. आधी इस्तंबूल, मग तिथून पुढे."

"मग शोध की. तुझ्या त्या फोनमध्ये सगळं असतं ना?"

फोनमध्ये डॉक्टर सानिया नव्हती. बाळ मांडीवर घेऊन दोर्राने तासन्‌तास शोधलं. सानिया नावाच्या दाताच्या डॉक्टर सापडल्या, एक टेनिस खेळणारी सापडली, पण बल्गेरियाची एकही नाही. मोंजिया मात्र निश्चिंत होती. जी बाई वादळात सापडली, ती उन्हाळ्यात का सापडणार नाही, असं तिचं म्हणणं.

सुटका केली ती खमैसांनी. सी खमैस म्हणजे खमैससाहेब, बेटावरचे गुरांचे डॉक्टर. शेजारच्या झकियाच्या शेळ्यांना बघायला आले होते. तरुणपणी त्यांनी बल्गेरियात, प्लोव्दिवला राहून शिक्षण घेतलं होतं, आणि त्यानंतर त्या देशाबद्दल त्यांना कोणी अवाक्षर विचारलं नव्हतं. मोंजियाने कुंपणावरून विचारलं, तशी ते शेळीचा कान धरून तिथेच उभे राहिले.

"सानिया? अहो लल्ला मोंजिया, सानिया हे कुठलं आलंय बल्गेरियन नाव! हे आपल्या लोकांनी केलेलं. जीभ वळली नाही की आपण मिळेल ते नाव चिकटवतो. मला तिकडे ते हमीस म्हणायचे."

"मग तिचं खरं नाव काय?"

"स्नेझाना असणार. शंभर टक्के. स्नेझाना, सानिया. लागतंय ना जुळून? स्नेग म्हणजे त्यांच्यात बर्फ."

"बर्फ?" मोंजिया म्हणाली. "आणि आली आमच्या बेटावर?"

"वितळली नाही हेच नवल," पलीकडून झकिया म्हणाली. "सी खमैस, शेळीचं बघता का? तिला परदेशी जायचं नाहीये."

झकिया ही अशी. मोंजियाच्याच वयाची, तिच्यासारखीच विधवा, दोन मुलगे मासेमारीवर. लहानपणापासून दोघी एका विहिरीवर पाणी भरत आल्या, आणि झकियाने सरळ शब्द क्वचितच काढला असेल. प्रवासाचं कळल्यापासून तर तिला ऊतच आला होता. "आभार मानायला विमान लागतं का गं? आमचं नुसत्या तोंडावर भागायचं." दुसऱ्या दिवशी म्हणे, "तिकडे गोठलीस तर दोरीवर वाळवलेल्या ऑक्टोपससारखी कडक होऊन येशील. दारातून आत कशी घेऊ तुला?"

मोंजिया हसून सोडून द्यायची.

ज्या बल्गेरियन लोकांनी पूर्वी ट्युनिसियात नोकऱ्या केल्या, त्यांचा फेसबुकवर एक गट होता. खमैसांनी तिथे लिहिलं: रमलाच्या दवाखान्यात होती ती स्नेझाना कुणाला माहीत आहे का? उत्तरं यायला लागली, पण ती भलतीच. कुणी जुन्या बाजाराचा फोटो टाकला, कुणी हरीसाची तिखट चटणी कशी करायची ते विचारलं, एका म्हाताऱ्या इंजिनियरने सफाकसच्या बदामाच्या झाडांवर निबंधच लिहिला. खमैस रोज संध्याकाळी येऊन सगळं वाचून दाखवायचे. मोंजियाला त्याचाही आनंद. "बघ, इतकी माणसं आपल्याला विसरली नाहीत," ती दोर्राला म्हणायची.

मग एका निवृत्त नर्सचं उत्तर आलं. स्नेझाना पेत्कोवा. होय, कर्कनालाच होती. आता त्र्याव्ना नावाच्या डोंगरातल्या लहानशा गावात एकटी राहते. हा तिचा नंबर.

फोन लावायचा दिवस ठरला. मोंजियाने डोक्याला नवा रुमाल बांधला, दोर्राने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, खमैस मध्ये बसले. पडद्यावर एक म्हातारी आली. आखूड पांढरे केस, जाड चष्मा. ती जवळ वाकून बघू लागली तसं नुसतं कपाळच दिसायला लागलं.

"लाबास?" ती म्हणाली. कर्कनाच्या कुणाही बाईने विचारावं तसं, बरी आहेस ना?

मोंजिया फोनजवळ सरकली. तिकडून म्हातारीच बोलत सुटली. तिला अरबी येत होतं ते एवढंच: श्वास घे. ढकल, पोरी, ढकल. थांब. आता नको. झालं, झालं. मुलगी. मुलगा. पाणी द्या हिला. एकामागून एक तिने सगळे शब्द म्हणून दाखवले, धडा पाठ केलेल्या पोरीसारखे, आणि स्वतःच खदखदून हसली. दोर्रा हसता हसता रडायला लागली. खमैस नाक शिंकरत म्हणाले, "शब्द सगळे बरोबर आहेत हां."

मग मोंजियाने सांगितलं. वादळ, पायाळू बाळ, बाही, बाटली, हलवा. खमैसांनी एकेक वाक्य तिकडे पोचवलं. स्नेझाना ऐकत होती. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. बराच वेळ मोंजियाचा चेहरा न्याहाळला. मग हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

खमैसांनी नजर साखरेच्या डब्याकडे वळवली.

"काय म्हणते?"

"म्हणते, खोटं बोलवत नाही. राग मानू नका. रक्त तिने दोन-तीनदा दिलं होतं, ते आठवतं. दोरीवर कपड्यांसारखे वाळत घातलेले ऑक्टोपस आठवतात. पण तुम्ही... तुम्ही आठवत नाही तिला."

मोंजियाने मान डोलावली. "बरोबर आहे. किती बाया, किती बाळं. कशी आठवेन?" ती नीट बोलली, खुशाली विचारली, निरोप घेतला. मग उठून मागच्या अंगणात गेली आणि काही काम नसताना अंजिराखालची जागा झाडत राहिली.

दोर्राने तिला तासभर तसंच राहू दिलं. मग बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली. "उम्मी, राहू दे का मग? फोनवर झालंच की बोलणं. आभार पोचले."

मोंजियाने झाडू भिंतीला टेकवला. तिच्या मनाला लागलं होतं. इतकी वर्षं तिने मनात त्या बाईशी गप्पा मारल्या होत्या. दोर्राचा पहिला दात पडला तेव्हा, दोर्रा परीक्षा पास झाली तेव्हा, ताहर गेला तेव्हासुद्धा. आणि तिकडे त्या गप्पांच्या दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती चहाचा कप घेऊन दोर्राच्या उशाशी येऊन बसली.

"तिकीट बघ."

"नक्की?"

"मी विचार केला. तिला आठवत असतं, तर ती वाट बघत बसली असती. रक्त दिलं त्या बाईला आणि साधी भेटायलाही आली नाही, असं एकदा तरी तिच्या मनात आलं असतं. तिने तर दिलं आणि विसरून गेली. असं देणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही. त्याला नाही भेटायचं तर कुणाला भेटायचं?"

तिथून खरी तयारी सुरू झाली. पासपोर्टचा फोटो काढून आला. "ही बाई कोंबड्या चोरते," झकियाने तो बघून निकाल दिला. स्नेझानाने तिकडून आमंत्रणाचे कागद पाठवले. वसंतात या, म्हणाली, तोवर रस्ते मोकळे होतात. दोर्राने फोनवर त्र्याव्नाचे रस्तेच दाखवले. हा दगडी पूल, हा घड्याळाचा मनोरा, ही बस थांबते ती जागा. बस थांबते तिथून डॉक्टरच्या घराचा रस्ता मोंजिया रोज एकदा फोनवर बोटाने चालायची. कोपऱ्यावरच्या पाववाल्याचं दुकान तिला इतकं ओळखीचं झालं की एकदा म्हणाली, "आज याने खुर्च्या बाहेर मांडल्या नाहीत." दोर्राने समजावलं की तो फोटो कधीचा तरी जुना आहे, तो रोज बदलत नाही.

खमैस तिला अक्षरं शिकवत. गावाचं नाव तरी वाचता यायला हवं. ती फ्रेंच अक्षरं थोडीफार ओळखायची, पण इथे 'एच'सारखं दिसणारं अक्षर 'न' निघालं आणि 'आर' आरशात बघितल्यासारखा उलटा होऊन 'या' झाला. "यांनी कुणाच्या रागावर केलंय हे?" ती म्हणायची. भाकरी थापताना सांडलेल्या पिठात बोटाने त्र्याव्ना लिहायची आणि हाताने पुसून टाकायची.

"आणि एक लक्षात ठेवा," खमैस म्हणाले. "तिकडे होय म्हणायचं तर मान आडवी हलवतात. नाही म्हणायचं तर वरखाली."

"थट्टा करता?"

"देवाशपथ. पहिल्या वर्षी मी उपाशी राहिलोय यापायी. खानावळवाली विचारायची, आणखी वाढू? मी आपला होय होय करून मान वरखाली हलवायचो, आणि ती ताट उचलून न्यायची."

ट्युनिसच्या व्हिसाच्या ऑफिसात दोर्रा बरोबर होती, पण खिडकीशी मोंजियाला एकटीला बोलावलं. काचेपलीकडे एक तरुण मुलगी. तिने कागद चाळले.

"ज्यांच्याकडे जाताय, त्यांचं तुमचं नातं काय?"

"नातं," मोंजिया अडखळली. "तिचं रक्त आहे माझ्यात."

"म्हणजे नातेवाईक. बहीण?"

"नाही."

"मावशी, आत्या?"

"नाही गं बाळा. बाटलीतून."

मुलीने पेन खाली ठेवलं. मग मोंजियाला सांगावंच लागलं, आणि एकदा सांगायला लागल्यावर ती मध्ये थांबणारी नव्हती. मागे रांगेतला माणूस आधी घड्याळ बघत होता. हलव्यापर्यंत गोष्ट आली तेव्हा तो पुढे सरकून ऐकत होता. मुलीने पेन परत उचललं.

"मैत्रीण लिहिते, मावशी. चालेल?"

"एकदाच तर भेटलो आम्ही."

"चालेल," मुलगी म्हणाली. "मीच सांगतेय, चालेल."

व्हिसा आला. आणि कशी कोण जाणे, बातमी बेटभर झाली. रमलाहून, मलिताहून बाया यायला लागल्या. डॉक्टर सानिया? माझा थोरला तिच्याच हातचा. माझ्या जुळ्या. माझी भाची. एकीने जैतुनाच्या तेलाचा डबा आणला, एकीने खजूर, एकीने स्वतः विणलेली सतरंजी. मिशीवाला एक पोलीस आपला फोटो घेऊन आला आणि अवघडून म्हणाला, "आईने सांगितलंय द्यायला. मी उलटा होतो म्हणे." मोंजियाच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. शेवटी दोर्राने नियम केला. फोटो कितीही आणा, सामान बास. त्यावरही सुकवलेल्या ऑक्टोपसचा वाद झालाच. तिकडे मांस नेता येत नाही, चीज नेता येत नाही, मासळी चालते, असं दोर्राने वाचून काढलं होतं.

"पण ऑक्टोपस म्हणजे मासा का?" एकीने शंका काढली.

"मग काय कोकरू?" मोंजिया म्हणाली. आणि ऑक्टोपस पिशवीत गेला.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी झकिया आली. दोर्रा बाळाला घेऊन आत निजली होती. झकियाच्या हातात काही नव्हतं. ती दाराशीच उभी राहिली.

"आता काय?" मोंजिया पिशवीवर गुडघा दाबून चेन ओढत होती. "बोल, शेवटचं काय ते बोलून घे."

झकिया आत येऊन जमिनीवर बसली. "माझंही सांग तिला," ती म्हणाली.

"तुझं?" मोंजियाने चेन सोडली. "तुझे दोघे तर सफाकसला झाले."

"त्यांच्या आधीचं."

मोंजियाला तेव्हा आठवलं. झकियाचा पहिला मुलगा. जन्मला तो रडलाच नव्हता. गावात दोन दिवस कुजबुज झाली, मग मासेमारीचे दिवस आले आणि लोक विसरले. झकियाने स्वतः तर त्यावर कधी शब्द काढला नाही.

"सगळ्या म्हणत होत्या, आईला दाखवू नका," झकिया जमिनीकडे बघत म्हणाली. "घेऊन जा, पुरून टाका. तिने कुणाचं ऐकलं नाही. स्वतः कोमट पाण्याने अंघोळ घातली त्याला, गुंडाळला, माझ्या मांडीत दिला. आणि खुर्ची ओढून बसली. दिवस मावळेपर्यंत बसली. तिला बोलता येत नव्हतं ना आपलं. नुसती बसली." तिने डोक्याच्या रुमालाच्या टोकाने तोंड पुसलं. "द्यायला माझ्याकडे फोटो नाही. एवढंच सांग, की झकिया म्हणाली, तू बसलीस ते बरं केलंस."

मोंजिया सरकून तिच्याजवळ बसली. थोड्या वेळाने झकिया उठली. दारातून वळून म्हणाली, "आणि चेन तुटेल तुझ्या पिशवीची. दोरी बांध वरून."

दोरी बांधूनच पिशवी गेली. बोट, मग सफाकसहून ट्युनिसची गाडी, मग विमान. इस्तंबूलच्या विमानतळावर मोंजियाने एका सुदानी कुटुंबाच्या मागे मागे चालून आपलं दार गाठलं. ते भलत्याच देशाला चालले होते, पण दारापर्यंतची वाट एकच होती. सोफियाला खमैसांचा वर्गमित्र ल्युबेन उभा होता. खमैसांनी पाठवलेलं, अरबी लिपीतलं तिचं नाव त्याने मोठ्या कागदावर छापून घेतलं होतं आणि उलटं धरलं होतं. मोंजियाला ते लांबूनच वाचता आलं. त्याने तिला घरी नेलं, बायकोच्या हातचं गरम सूप पाजलं, आणि सकाळी बसमध्ये बसवून ड्रायव्हरला इतक्या सूचना दिल्या की त्याने शेवटी कानावर हात ठेवले.

खिडकीतून डोंगर दिसायला लागले. फुललेली झाडं, लाकडी छपरं, नदी. बोर्डावर उलटा 'आर' दिसला तशी मोंजिया ड्रायव्हरच्या आधीच उठून उभी राहिली.

थांब्यावर काठी टेकून एक बुटकी म्हातारी उभी होती. फोनवर दिसली होती त्यापेक्षा खूपच लहान. मोंजियाने खमैसांकडून आभाराचा बल्गेरियन शब्द घोटून घेतला होता. बोटीत म्हटला होता, विमानात म्हटला होता. आता तो कुठे गेला देव जाणे. तोंडून निघालं ते घरचंच, कर्कनाच्या बाया उठता-बसता म्हणतात ते: "यैशिक." देव तुला आयुष्य देवो.

म्हातारीने काठी बाकाला टेकवली. दोन्ही हातांनी मोंजियाचं मनगट धरलं. मोंजियाला वाटलं, माया करतेय. मग लक्षात आलं, ती नाडी बघतेय. बराच वेळ बघितली. मग मान आडवी हलवली, आणि मोंजियाला वाटलं, काहीतरी बिघडलंय, आणि पुढच्याच क्षणी समजलं की ते होय आहे. सगळं ठीक आहे.

स्वयंपाकघरात टेबलावर फोटो मांडले. फोनवर खमैस होते. स्नेझाना एकेक फोटो उचलून डोळ्यांजवळ नेत होती. मिशीवाला पोलीस, जुळ्या, दोर्रा आणि तिची मुलगी. हसत होती, गालांवरून बोट फिरवत होती. ओळख कुणाचीच लागत नव्हती, आणि त्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं. "सगळे जाडजूड झालेत," तिने खमैसांना सांगितलं. "छान."

मग मोंजियाने झकियाचा निरोप सांगितला. जसा दिला होता तसाच, एक शब्द इकडेतिकडे न करता. खमैसांना तो तिकडे पोचवायला वेळ लागला.

स्नेझानाने हातातला फोटो खाली ठेवला. मग फोनकडे न बघता, थेट मोंजियाकडे वळून म्हणाली, "हैथम."

"काय?" मोंजियाने विचारलं.

म्हातारीने दोन्ही तळवे एकमेकांपासून थोडे दूर धरले, एवढंसं काहीतरी त्यांच्यात मावेल इतके. "हैथम," ती परत म्हणाली.

मोंजियाने फोनवर खमैसांना थांबायला सांगितलं आणि झकियाला फोन लावला. तिकडे शेळ्या ओरडत होत्या. "पोचलीस का? गोठली नाहीस?" झकिया म्हणाली.

"झकिया, तिला तू आठवतेस. ती एक नाव घेतेय. हैथम."

शेळ्यांचा आवाज येत राहिला.

"मी ठेवलं होतं ते नाव," झकिया शेवटी म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "तिला एकटीला सांगितलं होतं. नवऱ्यालासुद्धा नाही. त्या दिवशी, ती बसली होती तेव्हा." मग थांबून म्हणाली, "दे तिला फोन."

"भाषांतराला सी खमैसांना जोडू का?"

"कशाला? दे."

मोंजियाने फोन दिला. स्नेझाना तो कानाला लावून खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. मग तिकडून बोलणं सुरू झालं आणि इकडून, एकीचं कर्कनाच्या बोलीत, दुसरीचं बल्गेरियनमध्ये, कुणी कुणाला न थांबवता.

मोंजिया उठली. ओट्यावर बटाटे होते, कांदे होते. तिने पिशवीची दोरी सोडली, आत चाचपून ऑक्टोपसचं पुडकं काढलं आणि कोमट पाण्यात भिजत घातलं. तेल कुठे ठेवलंय ते तिला विचारायचं होतं, पण तिने विचारलं नाही. तिने पिशवीतला आपला तेलाचा डबा उघडला, कढईत तेल ओतलं, आणि कांदा बारीक चिरायला घेतला.